बिनटिंबाची सांगली

१

खंडेनवमीला ज्याच्या घरी जे हत्यार असेल त्याची पूजा होते. साताऱ्याच्या सुमंत आगाशेच्या घरी चित्रकलेचे ब्रश होते, एक म्हातारी स्कूटर होती आणि एक खेळण्यातली एसटी होती. हत्यारांच्या रांगेत खेळणं कशाला, असं कुणी विचारलं की हा पन्नाशीचा ड्रॉइंग मास्तर शांतपणे म्हणायचा, पोट ब्रशवर चालतं आणि मन या एसटीवर. लोक हसायचे. हसणाऱ्यांना तो चहा पाजायचा आणि मग तासभर सोडायचा नाही.

बस वीतभर लांब, पत्र्याची, लाल. सांगलीजवळ माधवनगरला ‘मोहिनी टॉइज’ नावाचा एक लहानसा कारखाना होता, तो बंद पडूनही जमाना झाला. तिथे तेलाचे रिकामे डबे कापून अशा बस करत आणि कपाळावरची पांढरी पाटी पेंटर हाताने लिहायचा: ‘सातारा–सांगली’. तशा बस अजून पाच-पन्नास घरांत सापडतील. पण एका खेपेला पेंटरच्या हातून ‘सा’वरचं टिंब राहिलं आणि सगळ्या पाट्यांवर ‘सागली’ झालं. मालकाने तो माल मोडीत काढला. त्यातून वाचलेली एकच बस कुणाला ठाऊक होती, आणि ती सुमंतच्या कपाटात होती. खेळणी जमवणाऱ्यांचं जग असं उफराटं असतं. नीट केलेल्या वस्तूला तिथे कुत्रंसुद्धा विचारत नाही, आणि चुकलेल्या वस्तूसाठी माणसं जीव टाकतात.

वर्षातून एकदा, याच दिवशी, सुमंत ती बस पोटाकडूनही पुसायचा. एकोणीसशे नव्याण्णवच्या त्या खंडेनवमीला त्याने ती उलटी केली आणि फडकं हातातच राहिलं. त्याच्या बसच्या पोटात जुन्या डब्यावरचं अर्धं गुलाबी कमळ होतं. या बसच्या पोटात निळ्या अक्षरांत ‘निव्वळ वजन’ एवढंच छापलेलं होतं.

त्याने भिंग आणलं. पाटीवर ‘सागली’च होतं. पण टिंबाच्या जागी ब्लेडने खरवडून वरून पांढऱ्या रंगाचं बोट फिरवलेलं होतं. कुणीतरी साधी बस ठेवून त्याची बस नेली होती.

२

पहिला फोन त्याने हरीला केला. दुसरा कुणाला करणार? हरी साताऱ्यात मामाकडे वाढलेला, सुमंतच्या बाकावरचा. त्याचे वडील सांगलीकडे कुठे तरी कामाला असत, एवढंच सगळ्यांना ठाऊक. पुढे हरी स्वतःही सांगलीला टेलिफोन खात्यात लागला. पण मैत्री तुटली नाही, उलट खेळण्यांच्या नादाने घट्ट झाली. फलटणचा बाजार म्हणू नका, इस्लामपूरचा म्हणू नका, दोघांनी तीस वर्षं भंगारवाल्यांची पोती उपसली होती. बिनटिंबाची बसही इस्लामपुरातच मिळाली, शहाऐंशी साली, दोघं बरोबर असताना. नाणं उडवलं, छापा पडला, बस सुमंतची झाली.

फोनवर हरीने एवढंच विचारलं की कपाटाची किल्ली कुणाकडे असते.

किल्ली राहीबाईकडे असायची. बावीस वर्षं ती या घरात केरवारा, भांडी, स्वयंपाक करत होती. सुमंतची बायको लीला आजारी पडली तेव्हा तिचं सगळं राहीबाईनेच केलं, आणि जाताना लीलानेच ती किल्ली तिच्या कमरेला बांधली होती. सुमंतच्या डोक्यात राहीबाईचं नाव आलं नव्हतं. हरीने विचारल्यावर आलं, आणि एकदा आल्यावर जाईना.

दुपारी ती ओसरीवर आली तेव्हा त्याने विचारलं की कपाटातली लाल बस तुम्ही कुणाला दिली का. आपण फार हळू विचारलं असं त्याला वाटलं. पण समोरच्या घराची खिडकी उघडी होती, आणि आमच्या गल्लीतल्या खिडक्यांना कान आहेत.

राहीबाईने हातातला खराटा भिंतीला टेकवला. “मास्तर, तुमी मला इचारताय का सांगताय?”

तिने कमरेची किल्ली सोडली आणि खिडकीत ठेवली. “बाकीचं मोजून घ्या. मी उबी ऱ्हाते तवर.”

त्याने मोजलं नाही, पण ‘नको’ही म्हटलं नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली. दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत गल्लीभर झालं होतं की मास्तरांच्या घरी चोरी झाली आणि बाईने किल्ली परत केली. ज्या आणखी दोन घरी ती काम करायची, त्यांनी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बावीस वर्षांत मिळवलेलं नाव दीड दिवसात गेलं.

३

बुधवारी सुमंतची थोरली बहीण शरयू सांगलीहून आली. तिला सगळे अक्का म्हणत. चाळीस वर्षं तिने मुलांना इंग्रजी शिकवलं होतं, त्यात हा भाऊ आणि त्याचा मित्र हरीही आले. सगळी हकिगत ऐकून घेतल्यावर तिने चहाचा कप बाजूला सारला.

“राहीबाईला वाचता येतं?” तिने विचारलं.

“नाही. अंगठा लावते.”

“जिला सांगली आणि सागली एकच, ती नेमकं कुठलं टिंब खरवडायचं ते कशी ओळखेल?”

कुणी तरी पढवलं असेल, असं सुमंत पुटपुटला. मग पढवणाऱ्याला शोध, पढणारीच्या मागे का लागलास, असं म्हणत अक्काने त्याला अशा शब्दांत झोडपला की ते इथे लिहिण्यात अर्थ नाही. बोलून झाल्यावर ती कामाला लागली.

गेल्या खंडेनवमीनंतर कपाट कुणाकुणासमोर उघडलं गेलं? फक्त गौरी-गणपतीत. तेव्हा राहीबाईशिवाय दोघंच जण कपाटापाशी गेले होते. एक मुकुल. हा अक्काच्याच शेजारचा मुलगा, सांगलीत विश्रामबागेला त्याचं इंटरनेटचं दुकान होतं. तो कॅमेरा घेऊन सगळ्या खेळण्यांचे फोटो काढायला आला होता. दुसरा हरी, तो दोन रात्री राहिला होता. आणि कपाटात ठेवलेली ती साधी बस आली कुठून? तशी बस मुकुलकडे होती, सुमंतनेच त्याला भेट दिलेली. हरीकडेही होती, पण त्याने ती केव्हाच फलटणला विकली असं तो सांगायचा.

“आणखी कुणाला ही बस हवी होती?”

सुमंत म्हणाला, रॉबर्टला.

आता रॉबर्टबद्दल सांगायला हवं. दर दुसऱ्या रविवारी सुमंत एसटीने सांगलीला जायचा, अक्काकडे जेवायचा आणि हरीला घेऊन मुकुलच्या दुकानात बसायचा. जगभरचे खेळणीवेडे तिथे पडद्यावर भेटायचे. भेटायचे म्हणजे काय, एक फोटो उघडायला दहा मिनिटं. आधी टप दिसायचा, मग खिडक्या, आणि चाकं यायच्या आत फोन तुटायचा. एक जर्मन माणूस अशीच एक एसटी ‘भारतीय अग्निशामक गाडी’ म्हणून विकत होता, आणि सुमंतने तीन पत्रं लिहूनही ऐकत नव्हता. पण निळ्या खिडक्यांची बस, रबरी चाकांची बस, पिवळ्या पट्ट्याची बस अशी भावंडं एकेक करून सापडायची, तेव्हा हा मास्तर खुर्चीतून अर्धा उठायचा.

त्याने आपल्या बसची जाहिरात नव्हे, नुसती माहिती टाकली होती. मथळा दिला होता, ‘अडाणी पेंटरची बस’. ती गोष्ट तो नेहमी रंगवून सांगायचा. टिंब विसरलेला पेंटर, खवळलेला मालक, मोडीत निघालेला माल. लोक पोट धरून हसायचे. हरीने मात्र ती इतक्यांदा ऐकलेली होती की गोष्ट सुरू झाली की तो पाणी प्यायला उठायचा.

त्या माहितीला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून रॉबर्टचं उत्तर आलं, आणि दीड वर्ष पत्रं चालली. मुकुलकडे टायपायला बसलं की घड्याळ पळतं, म्हणून सुमंत शनिवारी संध्याकाळीच पत्र कागदावर लिहून ठेवायचा. हळूहळू त्यात बस कमी आणि मन जास्त येऊ लागलं. लीलाच्या शेवटच्या आठवड्यात आपण एका खेळण्यासाठी फलटणला गेलो होतो आणि परत आलो तेव्हा ती बोलेनाशी झाली होती, हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. हरीलाही नाही. ते त्याने रॉबर्टला लिहिलं. समोर बसलेल्या माणसाला जे सांगता येत नाही ते सातासमुद्रापलीकडच्याला सांगता येतं. महिन्याने उत्तर आलं होतं: तुझी चूक नव्हती, तिला ठाऊक होतं तू कसा आहेस. त्या दिवशी सुमंतला कित्येक महिन्यांनी भूक लागली होती.

अक्काने छापून ठेवलेल्या पत्रांची फाइल मागितली. सवयीने लाल पेन हातात घेऊन ती वाचत गेली. मध्येच थांबली. “हे काय? फोटो ‘डे आफ्टर टुमॉरो’ मिळाला?”

“मलाही कळलं नव्हतं. पण कॅनडात दिवस आपल्या उलट चालतो ना, त्यातला काहीतरी घोळ असेल. गोऱ्याचं इंग्रजी चुकेल कसं?”

अक्काने त्या शब्दांना लाल गोल केला. पुढे तिने विचारलं की हा दर पत्रात बस मागतो, तर शेवटच्या तीन पत्रांत का नाही. सुमंत म्हणाला, कंटाळला असेल, गणपतीनंतर त्याने तो विषयच काढला नाही.

अक्काने चष्मा काढून पुसला. “उद्या माझ्याबरोबर सांगलीला चल,” ती म्हणाली. “आणि कुणाला फोन करू नकोस.”

४

मुकुलच्या दुकानात पोचायला संध्याकाळ झाली. सुमंतची नजर आधी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे गेली. त्याच्यावर मुकुलची बस असायची. आज तिथे धूळ होती आणि धुळीत बसएवढी रिकामी जागा.

बस कुठे गेली असं अक्काने विचारलं. मुकुल गोरामोरा झाला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खण उघडला. बस तिथे होती, एक चाक निखळलेली. भाचीने पाडली, तुम्हाला काय तोंड दाखवू म्हणून लपवली होती, असं तो अजिजीने सांगू लागला. सुमंतने पाटी पाहिली. टिंब जिथल्या तिथे होतं. म्हणजे कपाटातली बदली बस मुकुलची नव्हती.

आता एकच साधी बस उरत होती. सुमंतने तो विचार मनात येऊ दिला नाही.

अक्काने फाइल मांडीवर उघडली. “मुकुल, ही रॉबर्टची पत्रं. प्रत्येकावर वार छापलेला आहे. वाच बरं.”

मुकुलने वाचले. गुरुवार, गुरुवार, गुरुवार. दीड वर्षात एकही पत्र दुसऱ्या वारी आलेलं नव्हतं, आणि सगळी आपल्याकडच्या संध्याकाळची. कॅनडाच्या पश्चिमेला तेव्हा माणसं साखरझोपेत असतात, असं मुकुल आपण होऊन म्हणाला.

“तुझ्याकडे दर गुरुवारी कोण येतं?”

मुकुलने सुमंतकडे पाहिलं. “हरीकाका. ऑफिस सुटलं की येतात, त्या कोपऱ्यात बसतात. मला वाटलं, काका, तुम्हाला माहीत असेल.” मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आज गुरुवारच आहे.”

बाहेर सायकल लावल्याचा आवाज झाला.

५

हरी आत आला, दोघांना पाहून थबकला आणि कसंनुसं हसला. अक्काने त्याला ‘बैस’ म्हटलं नाही, कसा आहेस विचारलं नाही.

“हरी, ‘परवा’ला इंग्रजीत काय म्हणतात?”

हरीची नजर फाइलमधल्या लाल गोलावर गेली.

“मागचं परवा का पुढचं?” तो म्हणाला, आणि समोरच्या बाकावर बसला.

“दोन्ही शंभर-शंभर वेळा लिहून घेतली होती तुझ्याकडून, पाचवीत,” अक्का म्हणाली. “आपल्याकडे मागचं ते परवा आणि पुढचं तेही परवा. इंग्रजीत दोन्ही वेगळी. माझ्या हाताखालून हजार मुलं गेली, पण मोठेपणीही ही चूक सोडली नाही असा तू एकटा.” मग तिने भावाकडे वळून न पाहता पुढचं सांगितलं. रॉबर्टने बस मागणं गणपतीनंतर थांबवलं, कारण ज्याला जे हवं ते मिळालं की तो मागायचं थांबतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

हरीने नाकारलं नाही. त्याने दोघांना घरी नेलं. बस देव्हाऱ्याशेजारी होती, एका म्हाताऱ्या माणसाच्या फोटोपुढे. फोटोच्या चौकटीत मागून एक झिजलेला ब्रश खोचलेला होता.

“हा तुझा अडाणी पेंटर,” हरी म्हणाला. “जोतिबा पेंटर. माझे वडील. अडाणी नव्हते ते, सुम्या. माधवनगरच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. टिंब दिलंय असंच त्यांना वाटत होतं. त्या खेपेनंतर मालकाने काढलं, पुन्हा ब्रश हातात धरला नाही.”

“मला एका शब्दाने सांगायचं होतंस. मी दिली असती.”

“काय तोंडाने सांगणार? तेरा वर्षं तू ती गोष्ट सांगतोस, माणसं हसतात आणि मी पाणी प्यायला उठतो. बापाची म्हणून मागायची लाज वाटली. परका होऊन मागितली, तर तू परक्याला देईनास.”

सुमंतने बस उचलली, उलटी केली. अर्धं कमळ होतं. आपण इतकी वर्षं कुणाला हसत होतो हे कळून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, इथेच सगळं मिटवावं. मग त्याला खिडकीत ठेवलेली किल्ली आठवली.

“आणि राहीबाई?”

हरी म्हणाला, मी तिचं नाव घेतलं नव्हतं.

“किल्ली विचारलीस. तुला माहीत होतं ती कुणाकडे असते. लीलाने बांधली तेव्हा तू तिथे उभा होतास.”

सुमंतला पुढे जे बोलायचं होतं ते बसचं नव्हतं, राहीबाईचंही नव्हतं.

“लीलाचं मी रॉबर्टला लिहिलं होतं.”

“वाचलं.”

“माझ्या शेजारी बसून तू मला त्याचं उत्तर वाचू दिलंस.”

“ते लिहायला तीन गुरुवार लागले,” हरी खाली मान घालून म्हणाला. “तेवढं एक मी रॉबर्ट म्हणून नाही लिहिलं.”

सुमंतने बस फोटोपुढे परत ठेवली. क्षमा वगैरे काही त्याच्या मनात नव्हतं. बापाच्या हातची वस्तू मुलाकडे राहावी एवढंच त्याला वाटलं. “ही तुझी आहे, ठेव,” तो म्हणाला. “पण माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस.” केसाने गळा कापतात म्हणतात तो असा, रक्त न काढता. चाळीस वर्षांपासूनचा मित्र आणि दीड वर्षापासूनचा मित्र एकाच संध्याकाळी गेले, आणि दोघं एकच निघाले.

६

शुक्रवारी साताऱ्याला परतल्यावर तो किल्ली घेऊन राहीबाईच्या घरी गेला. ती दारात शेंगा फोडत बसली होती. त्याने सगळं सांगितलं, कोणी केलं तेही सांगितलं, आणि हात जोडले. तिने त्याला पाणी दिलं.

“बस घावली, बरं झालं,” ती म्हणाली. “पर मास्तर, हे मला सांगू नगा. मला ठावंच हाय मी न्हाई घेतली. त्या दोन घरांत जाऊन सांगा. त्या समोरच्या खिडकीतबी सांगा.”

तो म्हणाला, सांगतो. मग किल्ली पुढे केली. ती तिने घेतली नाही.

“किल्ली कमरंला असली की संशयबी कमरंलाच येऊन बसतोय. वहिनींनी बांधली व्हती तवा म्या घेतली. आता वहिनी न्हाईत आन तो शबूदबी न्हाई. तुमी या.”

शनिवारी सकाळी सुमंत दोन्ही घरांत गेला. ओसरीवर उभा राहून त्याने मोठ्याने सांगितलं की चूक माझी, राहीबाईने काही घेतलं नाही. समोरच्या खिडकीखाली जाऊनही सांगितलं, आणि खिडकी त्या वेळी नेमकी बंद होती तरी सांगितलं. एका घराने तिला परत बोलावलं. दुसऱ्याने बघू म्हटलं.

संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. चहा त्याने स्वतः केला, तो कडवट झाला. कपाट उघडलं, खरवडलेल्या टिंबाची बस बघितली, कपाट बंद केलं. कुणाला तरी सगळं सांगितल्याशिवाय त्याला चैन पडणार नव्हतं. शनिवार होता. हात आपोआप कागदाकडे गेला.

‘डिअर रॉबर्ट,’ त्याने इंग्रजीत लिहिलं. माझ्या सगळ्यात जुन्या मित्राने मला फसवलं, हे त्याला सांगायचं होतं. कधी, ते आधी लिहायला हवं. त्याने ‘डे बिफोर यस्टर्डे’ असं नीट, अक्षर न् अक्षर तपासून लिहिलं, मागचं परवा.

मग आपण कुणाला लिहितो आहोत ते त्याच्या ध्यानात आलं, आणि त्याने पेनाला टोपण लावलं.